मदत हवी आहे: नदी तापल्याने बुडणाऱ्या अणुविजेचा तोटा कसा काढायचा?

रेवती_०७: प्रबंधाचं प्रकरण शुक्रवारी द्यायचं आहे. उन्हाळ्यात नदी तापली की अणुभट्ट्या कमी चालवतात किंवा बंद ठेवतात. बुडालेले युनिट गुणिले वर्षाचा सरासरी दर, एवढं पुरेल का? कृपया लवकर सांगा.

कोकणकडा: देश कुठला, नदी कुठली? आपलं तारापूर समुद्राच्या पाण्यावर चालतं, तिथे नदीचा प्रश्नच येत नाही.

रेवती_०७: फ्रान्स. गारोन नदीवरचं गोल्फेश अणुकेंद्र.

निवृत्त_टर्बाइनवाला: कोळशाच्या केंद्रात कंडेन्सरवर, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या भागावर, काम केलंय, त्यावरून सांगतो. थंड करायचं पाणी कोमट आलं की कंडेन्सरमधला व्हॅक्यूम कमी होतो, तेवढ्याच वाफेत मेगावॅट कमी मिळतात. ही घट वेगळी. केंद्राच्या खालच्या बाजूला गारोन 28 अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणून भट्टी थांबवणं वेगळं. दोन्ही एकत्र मोजू नका. माझं मत, कूलिंग टॉवर बांधले की प्रश्न मिटला.

नदीकाठ: काका, गोल्फेशला टॉवर आहेतच! नदीच वरून तापून आली तर टॉवर काय करणार? शिवाय टॉवरमधून पाण्याची वाफ होऊन जाते ती वेगळीच.

सूर्यफूल: एवढी डोकेफोड कशाला? छतावर सौर लावा. आमच्या सोसायटीचं बिल निम्म्यावर आलं.

बाजारभाव: सौरचा मुद्दा इथे लागू आहे, पण वेगळ्या अर्थाने. उन्हाळ्यात दुपारी सौर वीज ओसंडते, युरोपात दर शून्याखालीही जातात. त्या तासाला भट्टी बंद असली तर तोटा जवळपास नाहीच. संध्याकाळी दर चढतो, खरा फटका तेव्हा. म्हणून तासागणिक दर घ्या, सरासरी नको. न जळलेलं इंधन पुढे वापरता येतं, तेही वजा करा.

कोकणकडा: 2022 साली तर फ्रान्सची अणुवीज कोसळली होती. हवामानबदलाचा पुरावा आणखी काय हवा?

बाजारभाव: नाही हो. तेव्हा उत्पादन 279 अब्ज युनिटवर आलं ते मुख्यतः पाइपांतल्या गंज-तड्यांमुळे. 2000 पासून उष्णता आणि नदीमुळे बुडालेली वीज वर्षाला सरासरी 0.3 टक्के, असं या भट्ट्या चालवणारी फ्रेंच वीज कंपनी ईडीएफ खुद्द सांगते. आकडा छोटा, पण तो उन्हाळ्याच्या मोजक्या दिवसांत एकवटतो.

कोकणकडा: मग समुद्रकाठी बांधा. जैतापूरला तेच चाललंय ना?

नदीकाठ: ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्समधल्याच ग्रावलीन केंद्रात जेलीफिशनी चार भट्ट्या थांबवल्या, समुद्रकाठीच. जैतापूरसाठी वेगळा धागा काढा.

रेवती_०७: तासागणिक दर कुठे मिळतील ते सांगा ना!

बाजारभाव: एन्ट्सो-ई, म्हणजे युरोपातल्या वीजवाहिनी कंपन्यांची संघटना, तिच्या ट्रान्सपरन्सी प्लॅटफॉर्म या संकेतस्थळावर. पण तुम्हाला तोटा कोणाचा काढायचाय, कंपनीचा की ग्राहकाचा? ते अजून सांगितलंच नाही.