खिडकीतली बाई आणि आत्याची कडी

'नवऱ्याला सोडून निघालेली नायिका शेवटच्या पानावर एकटेपणाला घाबरून परत फिरते, आणि तेच वास्तव आहे', हे एकट्या बाईच्या कथांबद्दलचं एक मत मला अर्धंच पटलं. भीती खरी आहे, पण कथाकार ती फारच सोयीने वापरतात. एकटी बाई दाखवायची म्हणजे संध्याकाळ, खिडकी आणि गार झालेला चहा. झालं!

विभावरी शिरूरकरांनी १९३३ सालीच 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहात यापेक्षा अवघड प्रश्न मांडला होता. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे त्यातल्या एका कथेचं नावच बघा. मुलगी शिकली, कमावती झाली, पण घर भरलेलं असूनही त्यात तिचं स्वतःचं असं काय? म्हणजे एकटेपण लग्न न झाल्यामुळेच येतं असं नाही, माणसांच्या गर्दीतही ते असतंच. ('विभावरी शिरूरकर' हे मालती बेडेकरांचं टोपणनाव; लेखिकेला ते घ्यावं लागलं, यातच काय ते आलं.)

माझी आत्या अविवाहित, वय चौऱ्याहत्तर. संध्याकाळी ती खिडकीत नसते, भजनी मंडळाचा हिशेब लिहीत असते. तिची भीती वेगळी आहे: मोरीत पाय घसरला तर? म्हणून ती आंघोळीला जाताना आतून कडी लावत नाही आणि घराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवते. ही बिनकडीची मोरी मला अजून एकाही कथेत भेटलेली नाही. कुणाला भेटली असेल तर जरूर सांगा.