मदत हवी आहे: बहिणीसाठी एटीडी (ड्रॉइंग टीचरचा डिप्लोमा) की बीएफए (चित्रकलेची पदवी)?
नमस्कार भाऊ-ताई, आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी ४ एकर वावर. लहान बहीण यंदा बारावी झाली, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे अन् दिवसभर चित्रंच काढून राहते, कापूस वेचणाऱ्या बायांचे हात तर असे काढते का पाहतच राहावं. बाबा म्हणतात एटीडी कर, शाळेत ड्रॉइंग टीचर होशील, पण तिले पेंटरच व्हायचं आहे, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात बीएफएले जायचं म्हणते. मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले हेही बाबाले सांगून झालं.

बीएफए ४ वर्षांचं, खर्च झेपंल का? शाळेत शिकवून स्वतःचं काम चालू ठेवणारं, प्रदर्शनं करणारं कोणी आहे का इथं, वेळ कसा काढता? अन् एएसी सीईटीची (बीएफएच्या प्रवेश परीक्षेची) तयारी खेड्यात राहून कशी करावी तेही सांगा, मले खरंच काही समजून नाही राहिलं.