‘सार्थक’ फरक म्हणजे नेमका कसला फरक?

चिकोडीहून प्रश्न
मार्केटिंगच्या प्रात्यक्षिकातलं उदाहरण आहे. कुंद्याचा (बेळगावची दुधाची मिठाई) जुना डबा २०० गिऱ्हाइकांना दाखवला, ६० जणांनी घेतला. नवा डबा वेगळ्या २०० जणांना दाखवला, ७८ जणांनी घेतला. निष्कर्षात लिहिलंय, ‘फरक सार्थक नाही’. नऊ टक्क्यांची वाढ निरर्थक कशी? शब्द चुकलाय की गणित?

खानापूर
गणित बरोबर आहे, शब्द फसवा आहे. ‘जन्माचं सार्थक झालं’ म्हणणाऱ्या भाषेत ‘सार्थक नाही’ म्हटलं की ‘वाया गेलं’ असंच ऐकू येणार.

आधी गणित बघा की. दोन्ही गट मिळून ४०० पैकी १३८, म्हणजे ०.३४५. त्यावरून फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगानं फरक साधारण किती हलतो त्याचं माप, ०.०४७५ येते. ०.३९ वजा ०.३०, म्हणजे ०.०९ ला तिनं भागलं की झेड १.८९; फरक त्रुटीच्या इतका पट. पाच टक्के पातळीला (योगायोगाला शंभरात पाचच वेळा मुभा), वाढ आणि घट अशा दोन्ही बाजू धरून, १.९६ लागतात. पी-मूल्य ०.०५८. त्याचा अर्थ एवढाच: दोन्ही डबे सारखेच खपत असते, तरी निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे सहा वेळा दिसला असता. ‘नवा डबा चांगला असण्याची शक्यता ९४ टक्के’ हा अर्थ त्यातून निघत नाही, लोक मात्र हमखास तोच काढतात.

आणि वाढ ‘नऊ टक्के’ नव्हे, नऊ टक्के-बिंदू म्हणा. ३० वरून ३९ ही मूळ आकड्याच्या ३० टक्के वाढ झाली.

निपाणी
काय-वर्ग चाचणी (मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी ताडणारी) लावली तरी उत्तर तेच: ३.५८, हवेत ३.८४. (हे ‘काय’ ग्रीक अक्षर आहे, प्रश्नार्थक नव्हे. वर्गात हसू येतंच.)

‘सार्थक’ऐवजी ‘लक्षणीय’ लिहिलं तरी भागत नाही, कारण लक्षणीय म्हणजे आपल्याकडे ‘मोठा’. प्रत्येकी वीस हजार गिऱ्हाइकं घेतली तर दीड टक्के-बिंदूचा फरकही चाचणीत पास होईल. त्यातून नव्या छपाईचा खर्च निघेल का, हा हिशेब वेगळा. मूळ इंग्रजी ‘सिग्निफिकंट’चा अर्थ ‘संकेत देणारा’ असा आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं १९२५ साली ०.०५ ही सोयीची सीमा म्हणून सुचवली. ती काही दगडावरची रेघ नाही.

चिकोडी
सर, मग एकाच बाजूची चाचणी घेतली तर? पी निम्मा होतो, ०.०२९. काम झालं!

निपाणी
आकडे बघून बाजू ठरवायची नसते, ती लबाडी झाली. एकपुच्छ (एकाच बाजूची) की द्विपुच्छ (दोन्ही बाजूंची), हे पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी लिहून ठेवायचं. मधेच आकडे बघून ‘पास झालं, आता थांबू’ म्हणणं त्याच जातीचं.

टिळकवाडी
‘परिकल्पना’ आणि ‘गृहीतक’ यांचीही गल्लत होते. आपण तपासतो ती परिकल्पना. चाचणी ज्यावर उभी असते ते गृहीतक. कन्नडमध्ये ‘प्राक्कल्पने’ आहे, म्हणून इथल्या, बेळगावकडच्या मुलांना ‘परिकल्पना’ लवकर पचतं.

मार बसतो तो गृहीतकांत. जुना डबा खडे बाजारच्या दुकानात आणि नवा टिळकवाडीत ठेवला, तर तुलना डब्यांची न राहता पेठांची होते. एकाच दुकानात, त्याच दिवसांत, चिठ्ठी टाकून वाटा. एका घरची चार माणसं एकत्र आली तर ती चार स्वतंत्र गिऱ्हाइकं नव्हेत.

आपल्या भागातला खास घोटाळा दुभाषी प्रश्नावलीचा. कन्नडमधल्या ‘परवागिल्ला’चा अर्थ ‘बरं आहे, चालेल’. कुणी नादावर जाऊन मराठीत ‘पर्वा नाही’ छापलं, की मधली पायरी ‘मला काही देणंघेणं नाही’ होऊन बसते. मग एका गटाला मराठी आणि दुसऱ्याला कन्नड कागद दिलात, तर फरक भाषांतराचा निघेल. दोन्ही भाषांचे कागद दोन्ही गटांत सारखे वाटा. प्रश्नावलीतल्या एक ते पाच गुणांच्या सरासऱ्या असतील तर टी-चाचणी (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी), आणि दोन गटांचा पसारा सारखा नसेल तर तिचं वेल्चचं रूप.

खानापूर
वाक्य असं करा: ‘डब्यांत फरक नाही, ही शून्य परिकल्पना या नमुन्यावरून नाकारता आली नाही, खरा फरक उणे ०.३ ते अधिक १८.३ टक्के-बिंदू यांच्या दरम्यान असू शकतो.’ ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ असं चुकूनही नको. नऊ बिंदूंचा फरक खरंच असेल तर तो दहातल्या आठ वेळा पकडायला प्रत्येकी सुमारे ४३५ गिऱ्हाइकं लागतात, इथं २०० च होती.