कायदा पोलिसालाच माहीत नसेल तर?

कमरेला उघडं पिस्तूल दिसलं की पोलिसांनी ताब्यात घ्यायलाच हवं, हे मत मला पटत नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात असं उघडपणे पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. २०१० मध्ये टोलेडो शहरात एक गृहस्थ बायको, मुलगी, नातू आणि कुत्र्यासह फिरायला निघाले होते, पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये. एका मोटरसायकलवाल्याने ९११ या तातडीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पोलिसाने पिस्तूल काढून घेतलं, बेड्या घातल्या आणि अर्धा तास गाडीत बसवून ठेवलं. नातवासमोर! २०१५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने बजावलं की कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र एवढ्यावरून गुन्ह्याचा संशय धरता येत नाही आणि हा कायदा पोलिसाला माहीत असायलाच हवा होता.

ते गृहस्थ निदान जिवंत घरी गेले. त्याच ओहायोत, बीव्हरक्रीकच्या एका दुकानात, २०१४ मध्ये शेल्फवरची छर्ऱ्यांची बंदूक हातात घेतलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी आल्या आल्या गोळ्या घातल्या. तिथेही सुरुवात ९११ च्या फोननेच झाली होती. म्हणून मला वाटतं, प्रशिक्षण फोन घेणाऱ्यापासून सुरू व्हावं: "तो बंदुकीचं नेमकं करतोय काय?" हे त्याने आधी विचारावं.