एकाच कॉम्प्युटरवर तिघांच्या फायली वेगळ्या कशा ठेवायच्या?

महालकर:
घर नागपूरला, डेस्कटॉप एकच, विंडोज ११ होम. बाबांचे दुकानाचे हिशेब, वहिनीचे ट्यूशनचे पेपर अन् दहावीतल्या पुतण्याचे गेम, सगळं एकाच खात्यात चालू आहे. फायली डी ड्राइव्हवर आहेत, पेपरचं फोल्डर हिडन केलं आहे. तिघांची खाती वेगळी केली की झालं का?

तर्री_पोहा:
हिडनला काही अर्थ नाही भाऊ, व्ह्यू मेन्यूत एक टिक केली की दिसतं.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथून तिघांनाही नवीन खाती द्या, तिन्ही स्टँडर्ड (म्हणजे साधी, ॲडमिनचे अधिकार नसलेली). जुनं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असणार. ते फक्त सॉफ्टवेअर टाकायला ठेवा अन् त्याचा पासवर्ड बदला. ते पुतण्याकडे राहिलं तर सगळी मेहनत वाया, कारण ॲडमिनिस्ट्रेटरला दुसऱ्याचं फोल्डर उघडायला नुसतं ‘कंटिन्यू’ दाबावं लागतं.

बर्डीवाला:
खरी गोम डी ड्राइव्हची आहे. सी ड्राइव्हवरचं ज्याचं त्याचं डॉक्युमेंट्स फोल्डर विंडोज आपोआप बंद ठेवतं. डीवर तसं नाही, तिथे लॉगिन केलेला कोणीही फाइल उघडू शकतो, बदलू शकतो, उडवूही शकतो. सीवर जागा असेल तर पेपर वहिनीच्या डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करा, डीवरचे उडवा, विषय संपला.

डीवरच ठेवायचे असतील तर ॲडमिनच्या खात्यातून: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. आधी वहिनीचं खातं ‘फुल कंट्रोल’ देऊन जोडा. मग ‘डिसेबल इनहेरिटन्स’ (ड्राइव्हच्या परवानग्या फोल्डरला आपोआप लागू होणं बंद) दाबून ‘कन्व्हर्ट’वाला पर्याय निवडा. त्यानंतर यादीतून ‘यूजर्स’ आणि ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ एवढीच नावं काढा. ‘सिस्टिम’ला (हे विंडोजचं स्वतःचं खातं) हात लावू नका, नाहीतर बॅकअपसारखी कामं अडतात. अन् हे अख्ख्या डी ड्राइव्हवर करू नका, त्या एका फोल्डरवरच. सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल तर ड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर परवानग्या चालतच नाहीत.

महालकर:
समजलं. मशीन दुरुस्तीला सीताबर्डीला दिली तर? अन् घरचे फोटो मात्र सगळ्यांना दिसायला पाहिजेत.

तर्री_पोहा:
या परवानग्या तुमचं विंडोज चालू असेपर्यंतच. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्ड किंवा कीशिवाय वाचता न येणारी) केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावली किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की सगळं वाचता येतं. पेपरसाठी व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरचा एक-दोन जीबीचा कंटेनर करा (पासवर्डने कुलूपबंद अशी एक मोठी फाइल, उघडली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते), फुकट आहे. पण तो उघडा असताना यूजर स्विच केला तर दुसऱ्या खात्यातही तो ड्राइव्ह दिसतो, म्हणून उठण्याआधी डिसमाउंट, म्हणजे कंटेनर बंद करा. पासवर्ड विसरलात तर फायली गेल्याच समजा. उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा कंटेनर उघडा असला तर आतल्या फायली बिघडू शकतात. पेनड्राइव्हवर त्याची एक प्रत हवीच.

बर्डीवाला:
फोटो सी ड्राइव्हवर यूजर्समधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये टाका. कट-पेस्ट नको, कॉपी-पेस्ट करा. एकाच ड्राइव्हवर कट करून नेलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत नेते, मग बाकीच्यांना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं.