काओर ते फिजाक: टायर आणि पाणी

वर कोणीतरी विचारलंय की, दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या काओरहून सँ-सिर्क-लापोपीमार्गे फिजाकला सायकलने जायला ३५ मिमी रुंद टायर आणि पाण्याची एक बाटली पुरेल का. माझ्या मते दोन्ही कमीच.

लॉत आणि सेले नद्यांच्या काठाने डांबरी रस्ता आहे, तिथे ३५ चालेल. पण वर कॉसवर, म्हणजे चुनखडीच्या पठारावर, चढलात की धारदार चुनखडी सुरू होते. ती टायर मधोमध नव्हे, बाजूच्या भिंतीत चिरते. टायरमध्ये भरलेलं सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) बारीक भोकं बुजवतं, लांब चीर नाही. म्हणून ४२-४५ मिमी ट्यूबलेस, जाड बाजूचे. सोबत एक ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा हवाच. सामानासह ८५ किलो वजनाला हवेचा दाब पुढे ३०, मागे ३५ पीएसआयपासून सुरुवात करून बघा. रिम दगडावर आपटत असेल तर दोन-तीनने वाढवा.

पाण्याचं जास्त मनावर घ्या. चुनखडीत पाऊस सरळ जमिनीत मुरतो, त्यामुळे पठारावर ओढेच नाहीत. उन्हाळ्यात किमान दोन लिटर घेऊनच वर चढा. गावच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो, पण 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर पिऊ नका. दुकानं दुपारी बंद, सोमवारी बेकरीही बऱ्याचदा बंद.

बुझिएस गावाजवळची कड्यात कोरलेली नदीकाठची वाट अप्रतिम आहे, पण अरुंद. पायी चालणारे भरपूर, तेव्हा तिथे सायकल हातात धरूनच चाला. मागे ४२ दाती गिअर असेल तर पुढची चक्री ४० ऐवजी ३८ दाती लावा, सामानासह चढताना गुडघे वाचतील.