शेअर विकून काय होतं? आधी कामगारांकडे बघा

‘एकाने शेअर विकले की दुसरा घेतो, कंपनीला फरक काय?’ हा चर्चेत आलेला मुद्दा निव्वळ शेअरबाजारापुरता मला मान्य आहे. पण दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारविरुद्धची मोहीम तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकण्यापुरतीच नव्हती, आणि ती फक्त विद्यापीठांतून सुरू झाली हेही तितकंसं खरं नाही. पोलरॉइड या कॅमेरा कंपनीचं उदाहरण या चर्चेत कोणीच दिलेलं नाही. १९७० साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या त्या कंपनीत कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना आपल्या कंपनीचं तंत्र दक्षिण आफ्रिकेत ओळखपत्रांसाठी वापरलं जातंय हे कळलं. तिथे काळ्या माणसाला जवळ फोटोचा पास बाळगावाच लागे, नसला तर अटक. झटपट फोटो काढणारा कॅमेरा सरकारच्या किती सोयीचा! दोघांनी पत्रकं वाटली, बहिष्काराची हाक दिली. हंटरबाईंची नोकरी गेली. सरकारला माल विकणार नाही असं कंपनीने सांगितलं खरं, पण तिथला वितरक गुपचूप विकतच राहिला. ते उघडकीला आल्यावर १९७७ मध्ये कंपनीने तिथला व्यवहार बंद केला. म्हणजे सात वर्षं.

आणि बार्कलेज बँक? तिचा दक्षिण आफ्रिकेत धंदा होता म्हणून ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी त्या बँकेत खाती उघडायचंच सोडलं. १९८६ साली बँकेने दक्षिण आफ्रिकेतला हिस्सा विकला. यात शेअरचा भाव पडायची गरजच नव्हती, उद्याचे ग्राहक हातचे जात होते.